विम्याचं कार्ड आणि तीस खाटांचा दवाखाना

जळगाव, धुळे, नंदुरबारात सध्या घरोघर एक प्रश्न विचारला जातो. महात्मा फुले जन आरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून सगळ्यांना खुली झाली. राशनकार्ड पिवळं, केशरी, पांढरं कोणतंही चालतं आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. मग मेडिक्लेमचा हप्ता भरायचा कशाला? पॉलिसी विकणारे म्हणतात, त्या कार्डावर विसंबू नका, ऐनवेळी हॉस्पिटलवाले ‘योजनेचा बेड शिल्लक नाही’ म्हणतात. दोघांच्या बोलण्यात तथ्य आहे. पण या वादात एक गोष्ट मागे पडते आणि मला तीच सगळ्यात आधीची वाटते. कार्ड काय आणि पॉलिसी काय, दोन्ही बिल भरतात. आधी दवाखाना जवळ हवा, त्यात डॉक्टर हवा, कपाटात औषध हवं. बिलाचा प्रश्न त्यानंतरचा.

सर्पदंशाचंच घ्या. कापूस निंदताना, केळीच्या बागेत रात्री पाणी भरताना किंवा ओट्यावर जमिनीवर झोपलेलं असताना साप चावतो. घोणस किंवा फुरसं चावलं तर रक्त गोठायचं थांबतं. त्याची तपासणी ग्रामीण रुग्णालयात विजेशिवायसुद्धा होते. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत शिरेतलं २ मिली ताजं रक्त घ्यायचं, २० मिनिटं न हलवता उभं ठेवायचं आणि मग नळी तिरकी करून पाहायची. रक्त पातळच असेल तर विष भिनलेलं आहे. इथे चूक होते ती नळीची. प्लॅस्टिकची नळी घेतली किंवा काचेची नळी साबणाने धुतलेली असली तर निकाल फसवा येतो. विषबाधा ठरली की ज्याला सगळे ‘सापाची लस’ म्हणतात त्या प्रतिविषाच्या साधारण १० व्हायल (छोट्या बाटल्या) सलाइनमधून तासाभरात द्यायच्या आणि ६ तासांनी तीच चाचणी पुन्हा करायची. लहान मुलालाही मात्रा तितकीच लागते, कारण सापाने सोडलेलं विष मुलाचं वय बघून कमी होत नाही. नाग किंवा मण्यार चावला तर पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं आणि शेवटी श्वास बंद पडतो. तिथे प्रतिविषासोबत श्वास सांभाळणारा माणूस आणि यंत्र लागतं.

या सगळ्यात विमा कुठे आला? धडगावच्या डोंगरात साप चावलेल्या माणसाच्या खिशात ५ लाखांचं कार्ड आणि १० लाखांची पॉलिसी असली, तरी त्याचा जीव वाचतो तो जवळच्या सरकारी दवाखान्याच्या फ्रीजमध्ये १० व्हायल असल्या तरच. तिथे त्या फुकट मिळतात. नसल्या तर घाट उतरून नंदुरबार गाठेपर्यंत जो वेळ जातो, तो कुठलीही कंपनी भरून देत नाही.

म्हणून खान्देशात ‘सरकारी की विमा’ हा प्रश्न पुण्या-मुंबईसारखा सोडवता येत नाही. विम्याचा पैसा जिथे हॉस्पिटलं आहेत तिकडे वाहतो. आपल्याकडे ती जळगाव, धुळे, भुसावळ अशा शहरांत दाटलेली आहेत. अवघड केस नाशिक, छत्रपती संभाजीनगर नाहीतर सुरतेला जाते. अक्राणी किंवा अक्कलकुव्यात सगळ्यांना कार्डं वाटली म्हणून तिथे भूलतज्ज्ञ राहायला येत नाही. त्याला पद भरावं लागतं, क्वार्टर द्यावं लागतं, रक्तसाठा केंद्र चालवावं लागतं. हे काम सरकारी आरोग्यसेवेचंच आहे. नियमाने सपाट भागात ३०,००० आणि आदिवासी-डोंगरी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तर ५,००० आणि ३,००० मागे एक उपकेंद्र असावं लागतं. त्याच्या वर ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय आणि त्याच्यावर चोपडा, शिरपूरसारखं उपजिल्हा रुग्णालय. ही उतरंड कागदावर चांगली आहे. ती रिकाम्या पदांमुळे लंगडते, आणि खाजगी विम्याचे समर्थक नेमकं तिथे बोट ठेवतात. त्यांचं ते म्हणणं बरोबर आहे. पण रिकामं पद भरायला हवं हा त्याचा अर्थ. त्या दवाखान्याचा पैसा काढून कार्डांवर घाला असा नव्हे.

दुसरी गोष्ट ओपीडीची. आपल्याकडचा विमा, सरकारी असो वा खाजगी, मुख्यतः दाखल झालेल्या माणसासाठी आहे. पॉलिसीत साधारण २४ तास भरती ही अट असते. मोतीबिंदू, डायलिसिस, केमोथेरपी यांसारखे दिवसभरात उरकणारे उपचार तेवढे अपवाद. बीपी-शुगरच्या गोळ्या, थायरॉइडची तपासणी, गुडघ्याचं दुखणं, मुलाचा ताप यांचा पैसा खिशातूनच जातो. समजा दोन म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्यांना महिन्याला ८०० रुपये लागतात. वर्षाचे ९,६०० झाले. इतकी रक्कम दहा वर्षं गेली तर ९६,००० होते आणि त्यातला रुपयाही योजना किंवा साधी पॉलिसी परत देत नाही. हीच शुगरची मेटफॉर्मिन आणि बीपीची अ‍ॅम्लोडिपिन प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळायला हवी, आणि बहुतेक ठिकाणी मिळते. ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचे पैसेही घेत नाहीत. एक बारकावा लक्षात ठेवा. तो निर्णय आरोग्य विभागाच्या रुग्णालयांपुरता होता. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतात, तिथले शुल्काचे नियम वेगळे आहेत. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी आता शासकीय महाविद्यालयं असल्याने हा फरक आपल्याला पडतो.

नंदुरबारच्या सातपुड्यातला सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आजार, हा विम्याच्या मर्यादेचा सगळ्यात स्पष्ट पुरावा आहे. भिल्ल, पावरा, कोकणा, मावची कुटुंबांत हा आजार रक्तातून उतरतो. आई-बाप दोघेही वाहक (स्वतः आजारी नाहीत, पण आजार पुढे देऊ शकतात असे) असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण निघण्याची शक्यता २५ टक्के, वाहक निघण्याची ५० टक्के. गावपातळीवर आधी बोटातल्या रक्ताच्या थेंबाची सोल्युबिलिटी चाचणी होते. ती फक्त ‘सिकल आहे’ एवढंच सांगते. रुग्ण की वाहक हे कळायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली चाचणी करावी लागते. बरेच जण पहिल्या चाचणीवर थांबतात आणि वाहक माणूस स्वतःला आयुष्यभर आजारी समजत बसतो, किंवा रुग्ण मूल ‘थोडं सिकल आहे’ म्हणून औषधाविना राहतं. रुग्णाला फॉलिक अ‍ॅसिड, हायड्रॉक्सियुरिया, दर काही आठवड्यांनी रक्ततपासणी, भरपूर पाणी आणि वेळच्या वेळी लसी लागतात. यातलं काहीच ‘भरती’ नाही. खाजगी कंपनी असा माणूस नाकारते किंवा त्या आजारापुरते हात वर करते, कारण तिच्या हिशेबात तो नक्की खर्च आहे, जोखीम नाही. १ जुलै २०२३ ला सुरू झालेलं राष्ट्रीय सिकलसेल अभियान याच कारणाने विम्याबाहेर, थेट तपासणी आणि औषधाच्या रूपात चालतं.

नक्की खर्च आणि जोखीम हा फरक कळला की सगळा वाद कळतो. १०० घरांचं गाव धरा. वर्षात चार घरांत प्रत्येकी ५०,००० चं आजारपण येणार आहे, कोणत्या चार घरांत ते कुणालाच माहीत नाही. एकूण २ लाख, म्हणजे घरटी २,००० काढले की काम भागलं. हा विमा, भिशीसारखाच. आता तरणीताठी माणसं असलेली ४० घरं म्हणाली, आम्हाला काही होत नाही, आम्ही नाही भरत. आजार तर उरलेल्या घरांतच येणार होता, म्हणून तेच २ लाख ६० घरांवर पडले: घरटी ३,३३३. एवढे देणं जड जाऊन आणखी २० निरोगी घरं बाहेर पडली तर उरलेल्या ४० घरांना ५,०००. प्रत्येक वेळी निरोगी माणूस निघतो आणि आजारी माणसाचा हप्ता चढतो.

हे थांबवायचे दोन मार्ग. कंपनी आजारी माणसाला दारातच अडवते: आधीची तपासणी, वेटिंग पिरियड (जुन्या आजाराचे पैसे न देण्याची सुरुवातीची मुदत), वयाप्रमाणे चढता हप्ता. सरकार निरोगी माणसाला बाहेर पडू देत नाही: कर सगळ्यांकडून घ्यायचा आणि सेवा सगळ्यांना द्यायची. ब्रिटनने ५ जुलै १९४८ ला अ‍ॅन्युरिन बेव्हन आरोग्यमंत्री असताना दुसरा मार्ग घेतला. तिथे उपचाराच्या वेळी बिल नाही, मात्र शस्त्रक्रियेसाठी रांग आहे. १८ आठवड्यांत उपचार सुरू करायचं त्यांचं उद्दिष्ट कित्येक वर्षं गाठलं गेलेलं नाही, आणि रांग चुकवायला तिथेही लोक खाजगी विमा घेतात. पण अपघात झाला, छातीत कळ आली की तोच विमाधारक सरकारी आपत्कालीन विभागातच जातो. अमेरिकेने नोकरीला जोडलेला खाजगी विमा ठेवला, तरी ६५ च्या पुढच्यांसाठी १९६५ मध्ये मेडिकेअर हा सरकारी विमा काढावाच लागला, कारण म्हाताऱ्या माणसाचा परवडणारा विमा बाजार देत नाही. आपल्याकडे तेच ऑक्टोबर २०२४ मध्ये झालं. ७० च्या पुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, सरकारी विम्याचं आयुष्मान वय वंदना कार्ड.

आपल्या देशातही हा विचार जुना आहे. स्वातंत्र्याआधी सरकारने नेमलेल्या भोर समितीने १९४६ च्या अहवालात सांगितलं होतं की पैसे नाहीत म्हणून कुणाचे उपचार अडू नयेत. १९४८ सालीच कामगार राज्य विमा कायदा झाला, आणि मला वाटतं आपल्याकडच्या सगळ्या योजनांत सर्वांत दुर्लक्षित पण चांगला बांधलेला तोच आहे. जळगाव एमआयडीसीत चटईच्या, दाळ मिलच्या, पाइपच्या कारखान्यात काम करणाऱ्याचा पगार महिन्याला २१,००० पर्यंत असेल आणि कारखान्यात दहा किंवा जास्त माणसं असतील तर हा विमा, म्हणजे ईएसआय, लागू होतो. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के, मालकाकडून ३.२५ टक्के. १५,००० पगार असेल तर कामगाराचे जेमतेम ११३ रुपये जातात. बदल्यात कुटुंबाची ओपीडी, गोळ्या, भरती आणि वर भरपगारी नाही तरी आजारपणाचे ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन. आजारात मजुरी बुडते तिचा विचार फारशा दुसऱ्या योजना करत नाहीत. अडचण अशी की ठेकेदार माणसं हजेरीवर दाखवतच नाही, किंवा पगारातून पैसे कापतो पण नोंद करत नाही. पे-स्लिपवरचा ईएसआय क्रमांक १० आकडी असतो. तो पोर्टलवर किंवा दवाखान्यात एकदा तपासून घ्या, आजारी पडायच्या आधी.

आता योजनेचं कार्ड प्रत्यक्षात कसं वापरायचं ते. धुळे जिल्ह्याला ही योजना आधी मिळाली. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी नावाने ज्या आठ जिल्ह्यांत ती सुरू झाली त्यांत धुळे होतं. जळगाव-नंदुरबारला नोव्हेंबर २०१३ उजाडलं. तरी आजही गडबड त्याच तीन-चार जागी होते.

पहिली जागा राशनकार्ड. नव्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डावर असतं, बाळाचं नाव चढवलेलं नसतं, आधारवर ‘पाटील सुनंदाबाई’ आणि राशनकार्डवर ‘सुनंदा’ असतं. ऑनलाइन नोंदीत १२ आकडी क्रमांक निघत नसेल तर छापील कार्ड हातात असूनही काउंटरवर ‘सापडत नाही’ म्हणतात. आणि मग रात्री अकराला, माणूस स्ट्रेचरवर असताना, ‘आते काय करानं?’ असं होतं. हे काम तहसीलच्या पुरवठा शाखेत शांतपणे, निरोगी असताना करायचं. राशनकार्ड नसेल तर अधिवास दाखला चालतो. ई-केवायसी करून केंद्राच्या योजनेचं आयुष्मान कार्डही काढून ठेवा.

दुसरी जागा हॉस्पिटल. ‘योजनेत आहे’ एवढं विचारून भागत नाही. हॉस्पिटल एकेका विभागासाठी जोडलेलं असतं. हाडांच्या शस्त्रक्रियेसाठी असेल आणि हृदयासाठी नसेल, असं होतं. काही उपचार सरकारी रुग्णालयांसाठीच राखीव आहेत, ते खाजगीत योजनेतून होणारच नाहीत. १५५३८८ वर फोन करून हॉस्पिटलचं नाव आणि आजार दोन्ही सांगा. आत शिरल्यावर आधी आरोग्यमित्राचा, म्हणजे हॉस्पिटलात बसणाऱ्या योजनेच्या माणसाचा, टेबल गाठा, भरतीच्या खिडकीवर डिपॉझिट भरण्याआधी. क्रम असा आहे: आरोग्यमित्र नोंदणी करतो, डॉक्टर रिपोर्ट आणि फोटोसह पूर्वपरवानगी ऑनलाइन पाठवतात, मंजुरी येते, मग ऑपरेशन. आपत्कालात उपचार आधी सुरू होऊन परवानगी मागून घेता येते, पण तसं आरोग्यमित्राकडून त्याच वेळी कळवलं गेलं पाहिजे. ‘आज कॅश भरा, मंजुरी आली की परत देऊ’ हे कबूल करू नका. एकदा रोखीचा रुग्ण म्हणून दाखल झालात की मागाहून योजनेत बसवणं फार जिकिरीचं जातं.

तिसरी जागा वरचे पैसे. पॅकेजमध्ये तपासण्या, औषधं, इम्प्लांट, रुग्णाचं जेवण आणि घरी जाताना १० दिवसांची औषधं धरलेली असतात. ‘स्टेंट चांगला टाकू, फरक तुम्ही द्या’ असं म्हटलं तर पावती मागा. पावती देत नसतील तर ती मागणी नियमात नाही, एवढं ओळखा. हॉस्पिटलांचीही बाजू आहे: पॅकेजचे दर कमी आणि सरकारकडून पैसे उशिरा येतात, त्यामुळे लहान हॉस्पिटलचा श्वास अडकतो. ही तक्रार खरी आहे आणि दर वेळेवर सुधारणं, बिलं वेळेत चुकती करणं हे सरकारचं कर्तव्य आहे. पण त्याची वसुली स्ट्रेचरवरच्या माणसाकडून करायची नाही. तक्रार १५५३८८ वर नोंदवून क्रमांक घ्या, योजनेच्या जिल्हा समन्वयकाला लेखी द्या.

चौथी जागा सुरत. नंदुरबार-नवापूरची माणसं रेल्वेने सुरतेला जातात, नाशिकपेक्षा ते सोपं पडतं. केंद्राच्या यादीतलं कुटुंब असेल तर आयुष्मान कार्ड देशभरातल्या जोडलेल्या हॉस्पिटलात चालतं. निव्वळ राज्याच्या योजनेतले असाल तर गुजरातमध्ये ते चालेल असं गृहीत धरू नका. जाण्याआधी १४५५५ वर विचारून घ्या.

बाळंतपणाला यातलं काहीच लागत नाही. २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात नॉर्मल आणि सिझर दोन्ही फुकट, औषध, रक्त, जेवण आणि १०२ ची ने-आण धरून. खाजगी पॉलिसीत बाळंतपण असलंच तर त्याला बहुधा बरंच थांबावं लागतं.

मग पॉलिसी घ्यावी का? ज्याला झेपते त्याने घ्यावी, असंच मी म्हणेन. निवड मिळते, जिथे योजना नाही अशा हॉस्पिटलांचीही दारं उघडतात. फक्त घेताना जिथे माणसं फसतात त्या जागा बघून घ्या.

खोलीभाड्याची मर्यादा ही त्यातली सगळ्यात महागडी. ५ लाखांच्या पॉलिसीत खोलीला १ टक्का, म्हणजे रोज ५,००० अशी मर्यादा आहे आणि तुम्ही ८,००० ची खोली घेतली. पाच दिवसांचे ४०,००० झाले. सर्जन, भूल, ओटी, नर्सिंग मिळून १,२०,०००. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या ८०,०००. बिल २,४०,०००. आपल्याला वाटतं, रोजचे वरचे ३,००० प्रमाणे १५,००० भरावे लागतील. पण कंपनी खोलीला जोडलेले सगळे खर्च ५/८ च्या हिशेबाने कापते. खोलीचे २५,०००, सर्जन वगैरेचे ७५,००० आणि औषध-इम्प्लांट-तपासणीचे पूर्ण ८०,००० असे १,८०,००० देते. तुमच्या खिशातून ६०,००० जातात. औषधं, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयू यांना ही कात्री लावायची नसते. सेटलमेंटच्या कागदावर लावलेली दिसली तर लेखी हरकत घ्या. साधा उपाय म्हणजे खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी, किंवा भरती होताना मर्यादेतलीच खोली. आरोग्य संजीवनी ही प्रमाणित पॉलिसी बहुतेक कंपन्यांकडे सारखीच मिळते, पण तिच्यात प्रत्येक क्लेमवर ५ टक्के आपल्याला भरावे लागतात.

प्रपोजल फॉर्म स्वतः भरा. एजंट ‘शुगर लिहू नका, हप्ता वाढेल’ म्हणतो, तंबाखूच्या रकान्यात ‘नाही’ टाकतो, आणि चार वर्षांनी अँजिओप्लास्टीचा क्लेम ‘माहिती लपवली’ म्हणून परत येतो. डिस्चार्ज कार्डावर डॉक्टर ‘मधुमेह, दहा वर्षांपासून’ असं सहज लिहून टाकतात, तेच कंपनी बघते. खरं लिहिलं तर जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागतं, एप्रिल २०२४ पासून त्याहून मोठा वेटिंग पिरियड ठेवता येत नाही. सलग ६० महिने पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय माहिती लपवल्याचं कारण देता येत नाही. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत पटली नाही तर परत करता येते. तो फॉर्म त्या ३० दिवसांत वाचा.

नूतनीकरणाची तारीख पेरणीत येऊ देऊ नका. जूनमध्ये बियाणं-खतात पैसा अडकतो, हप्ता राहतो, ३० दिवसांची सवलतही उलटते आणि वेटिंग पिरियड पुन्हा पहिल्यापासून. कापसाचा पैसा डिसेंबर-जानेवारीत हातात येतो, पॉलिसी तेव्हा सुरू करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर (एकाच पॉलिसीत सगळं कुटुंब) पॉलिसीवर जीएसटी नाही, म्हणून कोटेशनमध्ये १८ टक्के दिसले तर विचारा. फ्लोटरचा हप्ता घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो, म्हणून आई-वडिलांना त्यात घालू नका. त्यांचं वय ७० च्या पुढे असेल तर आधी वय वंदना कार्ड काढा. त्याला वेटिंग नाही, जुना आजार पहिल्या दिवसापासून धरतात, आणि खाजगी पॉलिसी असली तरी ते मिळतं.

लहान गावातल्या नर्सिंग होममध्ये रिइम्बर्समेंट करणार असाल, म्हणजे बिल आधी भरून मागाहून कंपनीकडून घेणार असाल, तर आधी त्याची नोंदणी बघा. नोंदणी नसलेल्या ठिकाणी १० लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या गावात किमान १० खाटा, चोवीस तास नर्स आणि डॉक्टर, सज्ज ओटी अशा अटी लागतात. सहा खाटांच्या दवाखान्याचं बिल तिथेच मार खातं. डेंगीच्या दिवसांत ‘क्लेम होईल, भरती व्हा’ असं सांगतात, तोही सापळा आहे. प्लेटलेट चांगल्या, ताप उतरलेला, केवळ रक्त तपासायला भरती, अशा केसला कंपनी ‘भरतीची गरज नव्हती’ म्हणून नाकारते. ओपीडीला विमा नसल्यामुळेच ही खोटी भरती जन्मते, आणि सरकारी दवाखान्याची ओपीडी चांगली असेल तर तिची गरजच उरत नाही. भरती व्हावंच लागलं तर आपत्कालात २४ तासांत कळवा, ठरलेल्या ऑपरेशनला ४८ तास आधी. डिस्चार्ज कार्ड, मूळ बिलं, प्रिस्क्रिप्शन, रिपोर्ट, इम्प्लांटचा स्टिकर, अपघात असेल तर पोलिसांचा कागद, यांच्या प्रती काढूनच फाइल द्या.

कॅशलेसला, म्हणजे कंपनी थेट हॉस्पिटलला पैसे देते त्याला, परवानगी एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असा २०२४ चा नियम आहे. त्याहून उशीर झाल्याने हॉस्पिटलने जास्तीचं भाडं लावलं तर ते कंपनीने सोसायचं असतं. नकार आला तर कारण लेखी मागा, कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा, ३० दिवस थांबा, मग एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. खान्देशाचं काम पुण्याच्या लोकपालाकडे आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात.

मध्यम कुटुंबासाठी मला पटतो तो मेळ असा: योजनेचं कार्ड तयार, वर ५ लाख डिडक्टिबलची सुपर टॉप-अप पॉलिसी. ती पहिल्या ५ लाखांच्या पुढचंच बिल बघते म्हणून हप्ता बराच कमी असतो. पण एकाच भरतीत अर्धं योजनेतून अर्धं पॉलिसीतून असं जमवता येत नाही. कोणत्या वाटेने जायचं ते भरतीच्या खिडकीवरच ठरवावं लागतं. आणि शहरात ट्रस्टचं हॉस्पिटल असेल तर तिथे १० टक्के खाटा निर्धनांसाठी फुकट आणि १० टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. वार्षिक उत्पन्न १,८०,००० आणि ३,६०,००० अशा त्या मर्यादा, तहसीलचा दाखला लागतो.

देशभराचा हिशेब बघितला तर आरोग्यावरच्या एकूण खर्चातला लोकांच्या खिशातला वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ वर आला. सरकारचा खर्च मात्र तेव्हा देशाच्या जीडीपीच्या १.८४ टक्के होता, तर २०१७ च्या धोरणात २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचं वचन होतं. त्या मधल्या फरकात भूलतज्ज्ञाची पदं, रक्तसाठा केंद्रं आणि मोलगी-धडगावच्या दवाखान्यांची दुरुस्ती अडकलेली आहे.

प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते आणि तिच्यावर लोकप्रतिनिधी असतात. मे महिन्यात, पेरणीआधी, ग्रामपंचायतीच्या पत्रावर तिला तीन गोष्टी लेखी विचारा: प्रतिविषाच्या व्हायल आज किती आहेत आणि त्यांची मुदत कधी संपते, काचेच्या कोरड्या नळ्या ओपीडीत आहेत का, आणि रात्रपाळीला डॉक्टर कोण. उत्तर आलं नाही तर तेच पत्र जिल्हा शल्य चिकित्सकाला पाठवा.